एकाला पिंपळ, दुसऱ्याला काळं पाणी

दर वर्षी २१ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या जिल्हा कारागृहासमोर गर्दी होते. गडचिरोली, राजुरा, अहेरीकडून माणसं येतात. पिवळे झेंडे असतात, ‘जय सेवा’चा घोष असतो. कारागृहाच्या आवारातल्या जुन्या पिंपळापाशी सगळे थांबतात, कारण १८५८ मध्ये याच ठिकाणी वीर बाबुराव शेडमाके यांना फाशी दिली गेली. तुम्ही चंद्रपुरात शिकत असाल तर त्या दिवशीच्या ट्रॅफिकमध्ये एकदा तरी अडकला असाल. बाबुरावांचा फोटो तुमच्या ओळखीचा आहेच. कुणाच्या तरी स्टेटसला तो असतोच असतो.

आता एक प्रश्न. व्यंकटराव हे नाव तुम्ही ऐकलंय का?

आमच्या वर्गात विचारलं तेव्हा दोघांनी हात वर केला. दोघंही चामोर्शी तालुक्यातले. बाकीच्यांना बाबुराव माहीत, पिंपळ माहीत, पण त्याच बंडात त्यांच्या खांद्याला खांदा लावून लढलेला हा दुसरा जमीनदार माहीत नव्हता. खरं सांगायचं तर काही महिन्यांपूर्वी मलाही नव्हता. एकाला फाशी झाली, दुसऱ्याला जन्मठेप, काळं पाणी. गुन्हा एकच, सरकारही एकच. पण मधल्या दीड वर्षात असं काय घडलं की शिक्षा बदलली? बाबुरावांची गोष्ट या बाजूनं फार कमी वेळा सांगितली जाते, म्हणून ती आज तुम्हाला सांगतोय.

सुरुवात बाबुरावांपासूनच करावी लागेल. जन्म १२ मार्च १८३३, आजच्या अहेरी तालुक्यातल्या किष्टापूरचा. राजगोंड घराणं. वडील पुलेश्वर, घराण्याकडे मोलमपल्लीची जमीनदारी. इथं ‘जमीनदार’ या शब्दावर जरा थांबा. सिनेमातला मिशा पिळणारा, कर्ज वसूल करणारा जमीनदार डोक्यातून काढून टाका. चांद्याच्या पूर्वेच्या जंगलपट्टीत जमीनदार म्हणजे एक छोटा राजाच. वरच्या सत्तेला ठरलेली टाकोळी द्यायची, रस्ते-घाट सांभाळायचे, गरज पडली तर माणसं घेऊन जायचं, आणि आपल्या मुलखात आपण बघायचं. वर गोंड राजे असताना हे असंच होतं. १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी चांदा घेतलं तेव्हाही यात फार फरक पडला नाही. या जमीनदाऱ्यांमध्ये सगळ्यांत मोठी होती अहेरीची. मोलमपल्ली ही तिच्याच छायेतली एक लहान जमीनदारी. आणि थोडं वर, आजच्या चामोर्शीच्या बाजूला, अडपल्ली आणि घोट. तिथले जमीनदार म्हणजे व्यंकटराव राजेश्वर, तेही राजगोंडच.

बाबुरावांच्या लहानपणाबद्दल आपल्याकडे जे सांगितलं जातं त्यात गोटुल आहे, तिरकामठा आहे, आणि पुढं रायपूरला इंग्रजी शिकायला जाणंही आहे. गोटुल म्हणजे गावातल्या पोरापोरींनी एकत्र राहून गाणी, कामं, रीतभात शिकायची जागा. तिथून रायपूर, म्हणजे आजच्या भाषेत भामरागडच्या आश्रमशाळेतून थेट पुण्याच्या होस्टेलला येण्यासारखं. ज्यांनी तो प्रवास केलाय त्यांना जास्त सांगायला नको.

बाबुराव वीसेक वर्षांचे असताना वरची सत्ता बदलली. नागपूरचे तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले. त्यांना मुलगा नव्हता. डलहौसीनं राज्यच खालसा केलं आणि १८५४ मध्ये चांदा कंपनी सरकारच्या हातात गेलं. आता चांद्यात बसला डेप्युटी कमिशनर, म्हणजे तेव्हाचा कलेक्टर समजा. भोसल्यांना टाकोळी दिली की विषय संपायचा. या नव्या सरकारला मात्र सगळं कागदावर हवं होतं. कुणाचं गाव, कुणाचं जंगल, कुणाचा हक्क, आणि तो हक्क कुणी दिला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या गोष्टी गृहीत होत्या, त्या आता साहेबाच्या मर्जीवर आल्या.

मग १८५७ उजाडलं. मेरठ, दिल्ली, कानपूर, झाशी हे तुम्ही शाळेत पाठ केलंय. आपल्या पुस्तकात चांद्याला मात्र एखादीच ओळ असते, तीही असली तर. १८५७ संपता संपता उत्तरेतला जोर ओसरत होता, दिल्ली सप्टेंबरमध्येच पडली होती. आणि इथं, प्राणहितेच्या काठी, गोष्ट तेव्हा सुरू होत होती. लोकपरंपरेत सांगतात की त्याच सप्टेंबरमध्ये बाबुरावांनी ५०० तरुणांचं ‘जंगोम दल’ उभं केलं. जंगोम म्हणजे जागं होणं. दलात गोंड होते, माडिया होते, आणि हैदराबादच्या मुलखातून आलेले रोहिले शिपाईही होते. हे शेवटचं मुद्दाम लक्षात ठेवा. पुढं कामाला येईल.

मार्च १८५८. बाबुरावांनी राजगड परगणा ताब्यात घेतला. तारीख सांगितली जाते ७ मार्च. हे राजगड म्हणजे रायगड नव्हे, आपल्या मूल तालुक्यातलं राजगड. लगेचच अडपल्ली-घोटचे व्यंकटराव येऊन मिळाले. एका लहान जमीनदाराची धाडसी लूटमार म्हणून सरकारनं जी गोष्ट सोडून दिली असती, ती आता उघड बंड झाली. व्यंकटरावांना त्यात पडायची काही सक्ती नव्हती. त्यांची जमीनदारी मोठी होती, गमावण्यासारखं बरंच होतं. कुंपणावर बसून वाट बघणारे जमीनदार तेव्हा काही कमी नव्हते.

चांद्याचा डेप्युटी कमिशनर होता कॅप्टन क्रिक्टन. त्यानं फौज पाठवली. १३ मार्चला नांदगाव-घोसरीला गाठ पडली. मग बंडवाले गढीसुर्ल्याच्या डोंगराच्या आसऱ्याला गेले. १९ एप्रिलला सगणापूर, २७ एप्रिलला बामनपेठ. या सगळ्या जागा तुमच्या-माझ्या येण्याजाण्यातल्या आहेत. मूलहून गोंडपिपरीकडं जाताना खिडकीतून जे डोंगर दिसतात, तिथं ही माणसं दीड महिना इंग्रज फौजेला खेळवत होती. रानाची ओळख, आडवाटा, गावागावातून मिळणारी भाकर आणि बातमी, एवढंच भांडवल.

आणि मग आली २९ एप्रिलची रात्र.

प्राणहितेच्या काठावर चिंचगुंडीला तारखात्याच्या लोकांचा तळ पडला होता. गार्टलँड, हॉल आणि पीटर असे तीन गोरे. टेलिग्राफ म्हणजे त्या काळचं इंटरनेट, आणि बंड दडपण्यात त्याचा केवढा हात होता हे इंग्रजांनाही माहीत होतं नि बंडवाल्यांनाही. बंडवाल्यांच्या तुकडीनं तळावर हल्ला केला. गार्टलँड आणि हॉल मारले गेले. पीटर निसटला आणि क्रिक्टनपर्यंत पोचला.

या रात्रीबद्दल आपल्याकडे दोन पद्धतीनं बोललं जातं. एक, छाती फुगवून. दोन, अजिबात न बोलता. मला वाटतं दोन्हीत काहीतरी सुटतं. लढाईच्या मैदानावर शिपाई मरणं वेगळं आणि रात्री तळावर दोन कर्मचारी मारले जाणं वेगळं. निदान सरकारच्या हिशेबात तरी नक्कीच वेगळं. त्या दोन मृत्यूंमुळे बाबुराव सरकारच्या लेखी बंडखोर तर राहिलेच, वर खुनी ठरले. इथून पुढं सगळं याच शब्दाभोवती फिरतं.

क्रिक्टननं आता वेगळी चाल खेळली. फौजेनं जे जमलं नव्हतं ते त्यानं अहेरीच्या गढीकडून करून घ्यायचं ठरवलं. अहेरीची जमीनदारी तेव्हा लक्ष्मीबाई या बाईंच्या हाती होती. त्याच समाजातल्या, त्याच मुलखातल्या. त्यांच्यावर दबाव आणला गेला: बंडवाल्यांना पकडून द्या, नाहीतर तुम्हीही त्यांच्यातल्याच. लक्ष्मीबाईंनी सरकारला साथ दिली.

मुक्तिपथाच्या गोष्टींमध्ये अशा पात्राला एकच खुर्ची ठेवलेली असते, फितुराची. तुम्ही त्यांना तिथं बसवणार असाल तर बसवा, मी अडवणार नाही. फक्त एवढं बघा की १८५८ च्या उन्हाळ्यात दिल्ली पडलेली होती, झाशी पडलेली होती, नागपूरचे भोसले आधीच संपलेले होते. एका बाईच्या हाती विदर्भातली सगळ्यांत मोठी जंगल-जमीनदारी होती आणि मुलगा नाही, वारस नाही, हक्क नाही असलं कुठलंही निमित्त काढून राज्यं गिळणारं सरकार समोर होतं. हा त्यांचा बचाव नाही. बाबुराव पकडले गेले ते त्यांच्याच माणसांमुळे, हे खरंच आहे. पण त्यांना काय दिसत होतं तेही खरं आहे.

जुलैमध्ये बाबुराव इंद्रावतीपलीकडे भोपालपट्टणमला पकडले गेले. पण पहाऱ्यावर रोहिले होते, आणि त्यांच्या ताब्यातून ते सुटले. (रोहिले लक्षात ठेवा म्हटलं होतं ना. दोन्ही बाजूंना होते ते.) पुढचे दोन महिने पुन्हा जंगल. १८ सप्टेंबर १८५८ ला लक्ष्मीबाईंच्या माणसांनी त्यांना दुसऱ्यांदा पकडलं. या वेळी सुटका नव्हती. चांद्याला आणलं, खटला चालवला, आणि २१ ऑक्टोबरला फाशी दिली.

अटक ते फाशी, मोजून ३३ दिवस. आपल्याकडे सेमिस्टरचा निकाल लागायला यापेक्षा जास्त वेळ लागतो.

वय होतं २५. मी हे लिहितोय तेव्हा त्यांच्यापेक्षा फक्त तीन वर्षांनी लहान आहे.

गावाकडे तुम्ही विचाराल तर गोष्ट इतक्यात संपत नाही. दोर तुटला म्हणतात, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. बाबुरावांनी रानातलं कसलं तरी दुर्मीळ खाल्लं होतं, म्हणून त्यांचं अंग लोखंडासारखं झालं होतं, म्हणतात. सरकारी दफ्तरात यातलं काही सापडणार नाही. पण ज्या माणसाला महिन्याभरात उरकून टाकलं, त्याला लोकांनी इतक्या सहज मरू दिलं नाही, एवढं त्यातून कळतं. १२ मार्च २००९ ला टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकीट काढलं. त्याच्या कितीतरी आधीपासून पिंपळ होताच.

आता कॅलेंडर अकरा दिवस पुढं न्या. १ नोव्हेंबर १८५८.

त्या दिवशी देशभर राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा वाचला गेला. कंपनीचं राज्य संपलं, राणीचं सुरू झालं. परीक्षेत आपण ‘धर्मात हस्तक्षेप नाही’ एवढं लिहून दोन मार्क घेतो आणि पुढं जातो. त्याच जाहीरनाम्यात बंडवाल्यांबद्दलही ठरवलं होतं. ब्रिटिश प्रजेच्या खुनात ज्यांचा प्रत्यक्ष हात आहे त्यांना माफी नाही. जे साधे बंडात होते आणि मुदतीत घरी परततील त्यांना माफी. आणि मधला एक गट होता: ज्यांनी बंडाचं पुढारपण केलं, लोकांना चेतवलं. त्यांना फक्त जिवाची हमी. शिक्षा होईल, पण जीव जाणार नाही.

आता हे माझं मत, चूक असेल तर सांगा. हे अकरा दिवस आधी झालं असतं तरी बाबुराव बहुतेक वाचले नसते. चिंचगुंडीचे दोन खून त्यांच्या नावावर लागले होते. पण व्यंकटराव? ते सरळ सरळ त्या मधल्या गटात बसतात. जमीनदार, पुढारी, उघड बंड पुकारणारे. आणि ते अजून हाती लागलेले नव्हते.

बाबुराव पकडले गेल्यावर व्यंकटराव बस्तरच्या जंगलात उतरले. आज भामरागडहून पलीकडे बघितलं की जे निळे डोंगर दिसतात, त्या बाजूला. दीड वर्ष ते तिथं होते. बस्तर तेव्हा काही शांत नव्हतं. १८५९ मध्ये दक्षिण बस्तरातले जमीनदार आणि त्यांची रयत जंगल तोडणाऱ्या बाहेरच्या ठेकेदारांविरुद्ध उठली होती. झाडांसाठी उठलेलं ते बंड भोपालपट्टणमच्याच पट्ट्यातलं. म्हणजे आपल्या भागात राजगड-घोसरीला जे विझलं, ते नदीपलीकडे दुसऱ्या कारणानं धुमसत होतं.

पण बस्तरचे राजे भैरमदेव इंग्रजांचे मांडलिक होते. एप्रिल १८६० मध्ये त्यांच्याकडून व्यंकटरावांना पकडलं गेलं आणि चांद्याच्या हवाली केलं गेलं. खटला झाला. शिक्षा: जन्मभर काळं पाणी, आणि सगळी मालमत्ता जप्त.

काळं पाणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते सेल्युलर जेल. चाकासारखी इमारत, लांब ओसऱ्या, छोट्या कोठड्या, तेलाचा घाणा. ते चित्र इथं चालणार नाही. सेल्युलर जेल बांधून पूर्ण झालं १९०६ मध्ये. व्यंकटरावांना शिक्षा झाली तेव्हा अंदमानात कोठड्याही नव्हत्या. होतं ते फक्त जंगल.

आणि तारखांचा योग बघा. ७ मार्च १८५८ ला बाबुरावांनी राजगड घेतलं. बरोबर तीन दिवसांनी, १० मार्चला, डॉक्टर वॉकर नावाचा तुरुंगाधिकारी २०० कैदी घेऊन अंदमानच्या किनाऱ्याला लागला. १८५७ च्या बंडातल्या जन्मठेपेच्या कैद्यांसाठीच ही वसाहत उघडली होती. भिंतींची गरजच नव्हती, भोवती समुद्र होता. कैद्यांनी पहिलं काम काय केलं असेल? झाडं तोडली. बेड्या घालून, पावसात, चिखलात, स्वतःच्या तुरुंगासाठी जागा मोकळी केली. तापानं, जखमांनी, उपासमारीनं माणसं मरत गेली. कित्येक पळाले. जंगलातून चालत गेलो की ब्रह्मदेश लागेल अशी काहींची समजूत होती. ते बेट आहे हे चालून चालून कळायचं. पळून परत सापडलेल्यांपैकी ८६ जणांना वॉकरनं एकाच दिवशी फासावर चढवलं.

पळालेल्यांतला एक मात्र वेगळाच. दूधनाथ तिवारी. तो तिथल्या अंदमानी आदिवासींच्या हाती लागला. त्यांनी त्याला मारलं नाही, वर्षभर ठेवून घेतलं, लग्नही लावून दिलं. मे १८५९ मध्ये त्याला कळलं की हे लोक इंग्रजांच्या तळावर हल्ला करणार आहेत. तो धावत परत गेला आणि इंग्रजांना खबर दिली. धनुष्यबाण घेऊन आलेले अंदमानी बंदुकांसमोर हरले. तिवारीला माफी मिळाली. झाडं कुणाची, जमीन कुणाची, बातमी कुणी फोडली आणि बक्षीस कुणाला मिळालं, हे वाचताना मला सारखं प्राणहितेचं खोरं आठवत होतं.

व्यंकटरावांना झालेली शिक्षा या अशा काळातली. कायद्याच्या पुस्तकात ती फाशीपेक्षा सौम्य. पण जरा घोटमध्ये उभं राहून विचार करा. गोंडांमध्ये मेलेला माणूस कुळाच्या देवांमध्ये जाऊन मिळतो. त्यासाठी विधी लागतात, सगेसोयरे लागतात, आपली माती लागते. फाशी गेलेल्या माणसाचं निदान हे ठरलेलं असतं की तो गेला, अमुक दिवशी, अमुक झाडाखाली. तेरवीचा दिवस धरता येतो. समुद्रापार नेलेल्या माणसाच्या घरच्यांनी कुठला दिवस धरायचा? चंद्रपुरात दर वर्षी २१ ऑक्टोबर साजरा होऊ शकतो कारण तो दिवस आहे आणि तो पिंपळ आहे. जन्मठेपेला ना तिथी, ना झाड. सरकारनं हे ठरवून केलं होतं असं मी म्हणत नाही. पण ‘जिवाची हमी’ देताना माणूस त्याच्या लोकांमधून पुसला जाईल याची सोय त्या शिक्षेत आपोआप होती.

शिक्षेचा दुसरा भाग, मालमत्ता जप्त, तो मात्र कागदावर अगदी नीट दिसतो. अडपल्ली-घोटची ६७ गावं व्यंकटरावांच्या नावावरून निघाली. सरकारनं ती स्वतःकडे ठेवली नाहीत. बंड मोडायला मदत केल्याबद्दल बक्षीस म्हणून ती देऊन टाकली अहेरीच्या लक्ष्मीबाईंना.

चामोर्शीहून घोटकडं जाणारी बस आजही त्यातल्या काही गावांमधून जाते. पुढच्या वेळी त्या रस्त्यानं गेलात तर शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला व्यंकटराव राजेश्वर माहीत आहेत का ते विचारून बघा. कुणी काही सांगितलं, तर आम्हाला नक्की लिहा.